अर्नेमच्या पॅराट्रूपरचा डेनिसन स्मॉक: रंग कसे निवडावेत

सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या अर्नेमला उतरलेले ब्रिटिश पॅराट्रूपर छोटे सैनिक रंगवणाऱ्या मॉडेलप्रेमींचे फार लाडके. पण त्यांचा डेनिसन स्मॉक, म्हणजे गणवेशावर घालायचा नक्षीदार सैल अंगरखा, रंगवायला घेतला की हात आधी हिरव्या बाटलीकडे जातो. या स्मॉकचं रूप ठरतं ते खालच्या पिवळसर वाळूच्या रंगावर. तपकिरी आणि हिरवा हे त्यावर ओढलेले फराटे. म्हणून तळाचा रंग आधी पक्का करा.

१. सुरुवात पँटने करा. ती साधी, तपकिरी झाक असलेल्या खाकी लोकरी कापडाची. व्हायेहो कंपनीच्या ‘मॉडेल कलर’ रंगांमधला ‘इंग्लिश युनिफॉर्म’ तिला चांगला शोभतो. स्मॉकचा तळरंग तिच्यापेक्षा स्पष्टपणे उजळ हवा.

२. तळासाठी ‘खाकी’ आणि ‘बफ’ (फिकट पिवळसर) निम्मे निम्मे मिसळा. १/३५ मापाचा सैनिक जेमतेम ५ सेंटीमीटर उंच असतो. खऱ्या कापडाचा रंग जसाच्या तसा लावला तर एवढ्याशा आकारावर तो काळपट दिसतो, म्हणून बफ लागतोच. पांढरा मिसळू नका, त्याने रंग खडूसारखा निर्जीव होतो.

३. चुण्यांमधली सावली आणि उंचवट्यांवरचा उजेड तळरंगावरच देऊन घ्या. नक्षीनंतर प्रत्येक रंगाची छटा वेगवेगळी सांभाळणं फार किचकट जातं.

४. आता नक्षी: तपकिरीसाठी ‘फ्लॅट अर्थ’ आणि हिरव्यासाठी ‘ऑलिव्ह ग्रीन’. दोन्हींत थोडा तळरंग मिसळा, म्हणजे सगळे रंग एकाच कापडावरचे वाटतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. महागडे रंगसंच घेऊनही ही एकजीवता आपोआप येत नाही. रंग पाण्याने इतका पातळ करा की खालची सावली दिसत राहील. आधी तपकिरी, तो वाळल्यावर हिरवा. खऱ्या स्मॉकवर हे दोन रंग एकमेकांवर आले की तिथे गडद छटा दिसते. पातळ रंगाने ती आपोआप मिळते. कमी पडली तर दोन्ही मिसळून हलका हात फिरवा. या नक्षीत काळा रंग नाही.

फराटा किती रुंद? कापडावरचा ७ सेंटीमीटरचा फराटा १/३५ मध्ये २ मिलिमीटर होतो. त्याची टोकं कोरड्या ब्रशने ओढल्यासारखी विरळ ठेवा. गोल ठिपके काढले तर तो दुसऱ्याच कुठल्या सैन्याचा गणवेश वाटेल.

५. हे सगळं आधी प्रायमर (रंग नीट बसावा म्हणून द्यायचा पहिला थर) मारलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर करून पाहा. पूर्ण वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून बघा. नक्षी आधी डोळ्यांत भरत असेल तर तळरंगाचा अगदी पातळ हात सगळ्यावर द्या.

शेवटी मॅट वार्निश. पट्टे आणि पाऊच हिरवट खाकीत रंगवून त्यांच्या कडेने काळपट तपकिरी बारीक रेघ ओढा, नाहीतर ते नक्षीत हरवून जातात.