कस्टम मोटारसायकल शोकेससाठी की घाटासाठी? या चुका टाळा

पुण्यात जुनी जावा, येझदी, आरडी 350 किंवा बुलेट शोधून ती मनासारखी बनवून घेणाऱ्यांची कमी नाही. नाना पेठेत स्पेअर मिळतात, जुन्या बाजारात नशीब असेल तर एखादा मूळ पार्टही हाती लागतो, आणि हाताला कला असलेले फिटर अजून आहेत. तरी यातल्या कितीतरी गाड्या बनून तयार झाल्यावर वर्षभरात बंद पडतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: गाडी बघण्यासाठी ठेवायची की चालवायची, हे मालकानं ठरवलेलंच नसतं. दोन्हीची निगा वेगळी. अर्धवट चालवलेली गाडी सगळ्यात लवकर खराब होते.

कलाकृती म्हणजे न चालणारी वस्तू, हा समजही सोडून द्यायला हवा. न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटन यांची व्ही1000 बघा. क्राइस्टचर्चमध्ये मोजक्या माणसांनी जवळजवळ हातानं घडवलेली ही गाडी. अशा फक्त दहा झाल्या. आज त्यातली एक वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. पण ती बनली शर्यतीसाठी. पुढचा भाग अरुंद ठेवून वाऱ्याचा अडथळा कमी करायचा म्हणून रेडिएटर सीटखाली गेला, वजन वाचवायचं म्हणून नेहमीची फ्रेमच काढून टाकली. तिचं देखणेपण या कामातून आलं. माझ्या मते कस्टम गाडी याच कसोटीवर बघावी.

रविवारी दोन मिनिटं चालू करून बंद करणे

ही चूक घराघरात होते, आणि तीही प्रेमापोटी. पार्किंगमध्ये कव्हर काढायचं, किक मारायची, थोडी रेस द्यायची, आवाज ऐकून समाधान मानायचं आणि गाडी बंद करायची. एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण लीटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तर ही वाफ बाहेर पडते. दोन मिनिटांत ते कोमटही होत नाहीत, मग वाफेचं पाणी होऊन ते आतच साचतं. बुलेटमध्ये ते ऑइलमध्ये मिसळतं; फिलर कॅपच्या आतल्या बाजूला दुधाळ, पिवळट साय दिसली तर हेच झालंय असं समजा.

टू-स्ट्रोकचं दुखणं याहून वाईट. जावा-येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेवढंच ऑइल. पावसाळाभर गाडी उभी राहिली की बेअरिंगवर गंज चढतो आणि क्रँकचे सील कडक होतात. मग सीलमधून हवा आत खेचली जाते, मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी चालू झाल्यावर रेस आपोआप चढते, खाली येत नाही. इथे बरेच जण कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसतात. आधी सील तपासा, कारण अशा अवस्थेत घाट चढलात तर पिस्टन जाम होऊ शकतो.

चालवायची असेल तर नीट चालवा. कोथरूडहून खडकवासल्यापर्यंत जाऊन आलात की इंजिन, सायलेन्सर, ब्रेक सगळ्यांचं काम होतं. ठेवायचीच असेल तर किकला हात लावू नका. टाकी आणि कार्बोरेटरचा फ्लोट बाउल (पेट्रोल साठणारी वाटी) रिकामे करा, प्लग काढून चमचाभर ऑइल सोडा आणि इंजिन हातानं फिरवून ठेवा. बॅटरी काढा, दोन्ही चाकं जमिनीपासून उचलून धरा. कव्हर सुती घ्या. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि क्रोमला पुटकुळ्या येतात.

टाकीचं पेट्रोल

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं ई20 पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुने रबर पाइप आणि ओ-रिंग फुगवतं. कस्टम गाडीत आणखी एक धोका म्हणजे हौसेनं बनवलेली फायबरची टाकी. तिचं रेझिन इथेनॉलनं मऊ पडू शकतं आणि तो चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. जेट साफ करूनही आठवड्यात पुन्हा चोक होत असेल तर कार्बोरेटरला दोष देऊ नका, टाकीत टॉर्च मारून बघा.

लांब फोर्क

फोटोत चॉपर, म्हणजे लांब, पुढे कललेल्या फोर्कची गाडी, भारी दिसते. तीच लक्ष्मी रोडच्या गर्दीत चालत्या माणसाच्या वेगानं नेऊन बघा. फोर्क जास्त कलला की ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला जिथे मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) वाढतो, कमी वेगात हँडल जड होतं आणि वळताना पुढचं चाक स्वतःहून आत पडतं. उलट, फक्त कललेले ट्रिपल क्लॅम्प (फोर्कचे दोन्ही पाइप धरणारे जोड) बसवले तर ट्रेल घटतो आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. म्हणून वेल्डिंगच्या आधी ट्रेल मोजून घ्या. साधारण 100 मिलिमीटरच्या आसपास असेल तर गाडी माणसाचं ऐकते.

मूळ फ्रेम कापणे आणि नंबर बुजवणे

माझा सगळ्यात जास्त विरोध याला आहे. मैसूरची आयडियल जावा 1996 मध्ये बंद झाली. तिथली फ्रेम परत बनणार नाही. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसावा. बॉबर (मागून आखूड केलेली गाडी) करण्यासाठी मागचा भाग उडवलात की तो रस्ता बंद. आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून आधी ठरवायचं म्हणतोय.

चालवायच्या गाडीलाही कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्या.

पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून पक्क्या होणाऱ्या रंगासाठी) फ्रेम देताना चॅसी नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावायला स्वतः उभे राहा. सँडब्लास्टिंगमध्ये ठोकलेले आकडे झिजतात, वरून कोटिंगचा जाड थर बसतो, आणि पुढे पासिंगला किंवा ट्रान्सफरला नंबर वाचताच येत नाही. देण्याआधी नंबरचा फोटो आणि पेन्सिलनं कागदावर ठसा घेऊन ठेवा.

विम्याचं एवढंच: पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि तुमच्यात बोलून ठरते. कामाची बिलं, फोटो पुढे करा आणि ठरलेला आकडा पॉलिसीवर छापून आलाय का ते बघूनच पैसे भरा. काढलेले मूळ पार्ट भंगारात देऊ नका. पुढचा गिऱ्हाईक आधी त्यांचीच चौकशी करतो.