अमेरिकन खासदारांना आलेली जुनी पत्रं वाचायची कशी

१९५०-६० च्या काळातली ही पत्रं बऱ्याचदा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत सापडतात, कारण अमेरिकेत ऑफिसचे कागद खासदाराचे स्वतःचे मानतात, तो ते हव्या त्या संस्थेला देऊ शकतो. गठ्ठा हातात आला की मजकुरावर तुटून पडू नका, आधी तारीख बघा.

१९६३ चं नागरी हक्क विधेयक घ्या, एच.आर. ७१५२, काळ्या लोकांशी होणारा भेदभाव थांबवण्यासाठीचं. नोव्हेंबरात ते रूल्स कमिटीकडे (कुठलं विधेयक सभागृहात चर्चेला येणार ते ठरवणारी समिती) गेलं आणि चेअरमन हॉवर्ड स्मिथ ते पुढे सोडेनात, मग इमॅन्युएल सेलरनी (हेच ते, १९४६ मध्ये भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचा रस्ता खुला करणाऱ्या कायद्यातले सेलर) डिसेंबरात डिस्चार्ज पिटिशन टाकली, म्हणजे विधेयक कमिटीकडून काढून थेट सभागृहात आणायचा अर्ज, तिला २१८ खासदारांच्या सह्या लागणार होत्या. म्हणून त्या डिसेंबरातल्या पत्रात नुसतं "सही करा" दिसलं तर ती या पिटिशनवरची सही असू शकते, तारीख न बघता वाचलं तर डोक्यावरून जातं. १० फेब्रुवारी १९६४ ला विधेयक हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) २९० विरुद्ध १३० ने पास झालं आणि सिनेटकडे (वरच्या सभागृहाकडे) गेलं, मग पुढचा जोर सिनेटरांच्या पत्रांत शोधा.

तारीखच नसेल तर पाकीट बघा. साध्या पत्राला ऑगस्ट १९५८ पासून ४ सेंटचं तिकीट लागायचं, जानेवारी १९६३ पासून ५ सेंटचं. पत्त्यात झिप कोड (तिथला पिनकोड) असेल तर जुलै १९६३ नंतरचं, नसेल तर त्यावरून काही ठरवू नका.

एकाच मजकुराची छापील कार्डं कुठल्यातरी संघटनेने वाटलेली असतात, ती वेगळी मोजा. सोबत उत्तराची कार्बन कॉपी असली तरी तेच खासदाराचं मत असं धरू नका, ती उत्तरं बहुतेक स्टाफ ठरलेल्या साच्यात लिहायचा, खासदाराने मत कुठे दिलं ते काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये (तिथल्या संसदेच्या कामकाजाचा छापील वृत्तांत) तपासा.

आणि प्लीज, गठ्ठ्यात विरोधाची पत्रं जास्त म्हणजे मतदारसंघ विरोधात असं लिहू नका! मिसिसिपीत तेव्हा मतदानाच्या वयाच्या काळ्या लोकांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची मतदार म्हणून नोंद होती, नाव-पत्त्यासकट पाठिंब्याचं पत्र पाठवायचं म्हणजे नोकरी जायची, घरावर हल्ला व्हायची भीती, त्यामुळे ज्यांचा प्रश्न होता त्यांचीच पत्रं गठ्ठ्यात कमी असू शकतात. म्हणून पेन्सिलने लिहिलेलं, स्पेलिंग चुकलेलं एखादं पान असेल तर ते घाईत उलटू नका, दोनदा वाचा.

बॉक्स आणि फोल्डर नंबर तिथल्या तिथे टिपा, नंतर सापडत नाही.