घराजवळ मावेल असा कार-ट्रेलर कसा निवडावा

अमेरिकेत राहून जुनी, बंद पडलेली गाडी विकत घ्यायची आणि सवडीने दुरुस्त करायची म्हटलं, की पहिली अडचण ती घरी आणण्याची असते. नंतरही तिला वेल्डिंगवाल्याकडे, रंगवाल्याकडे न्यावंच लागतं. ट्रेलर घ्यावा, तर तो उभा करायचा कुठे? गाड्या नेण्याच्या नेहमीच्या दोन अॅक्सलच्या (चाकांच्या दोन जोड्यांच्या) ट्रेलरचा पाटा, म्हणजे गाडी उभी राहते तो तळ, 18 फुटांचा असतो, पुढचा दांडा धरून लांबी 22 फुटांच्या आसपास जाते, आणि चाकांवरच्या पंखांसकट रुंदी साडेआठ फूट. एवढ्यात घरासमोरचा ड्राइव्हवे संपतो. त्यात अनेक वसाहतींच्या असोसिएशनना दर्शनी बाजूला ट्रेलर चालत नाही. म्हणून खरेदीला निघण्याआधी नियमांचा कागद वाचा आणि मगच टेप हातात घ्या.

उदाहरणासाठी 1967 सालची फोक्सवॅगन बीटल घेऊ.

आधी फेऱ्या मोजा

गाडी वर्षातून एकदा-दोनदाच हलणार असेल, तर ट्रेलर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. दारात जागाच न अडवणारा ट्रेलर हाच सर्वांत आटोपशीर. यू-हॉल या भाड्याने ट्रेलर देणाऱ्या कंपनीचा चारही चाकं वर घेणारा ट्रेलर रिकामा 2,210 पौंडांचा असतो आणि 5,290 पौंडांपर्यंतची गाडी वाहतो. फेऱ्या जास्त असतील, किंवा दोघा-तिघा मित्रांत मिळून घ्यायचा असेल, तरच पुढचं वाचा.

गाडी मोजा, मग जागा

बीटलची लांबी साडेतेरा फुटांच्या आत आणि वजन 1,800 पौंडांच्या जवळपास. म्हणजे तिला 14 फुटी पाटा पुरतो. 18 फुटी ट्रेलर घेऊन चार फूट जागा उगीच अडवायची गरज नाही. मात्र पुढची गाडी मोठी घ्यायचा विचार मनात असेल, तर आत्ताच तिची मापं काढा. लहान ट्रेलर पुढे वाढवता येत नाही.

जागा मोजताना फक्त जमिनीवरची लांबी-रुंदी पाहून चालत नाही. बाजूच्या फाटकाची रुंदी, गॅरेजच्या दाराची उंची आणि ट्रेलर वळवून आत घालायला लागणारी मोकळी जागा, हे तिन्ही लिहून ठेवा. मुख्य म्हणजे जमीन सपाट आहे का ते पाहा. उतारावर रिकामा ट्रेलर हाताने ढकलणं धोक्याचं असतं.

ओढणारी गाडी काय झेपवते?

इथे बेरीज सोपी आहे आणि टाळता येणारी नाही. घरात टोयोटा सिएना हायब्रिड असेल तर तिची ओढण्याची मर्यादा 3,500 पौंड. बीटल अधिक यू-हॉलचा ट्रेलर मिळून 4,010 पौंड होतात, म्हणजे जमत नाही. तीच बीटल हजार पौंडांच्या एका अॅक्सलच्या हलक्या ट्रेलरवर चढवली तर 2,800 पौंड, आणि काम होतं. त्यात विंच (गाडी ओढून वर चढवणारी चरखी), अवजारं आणि सुट्या भागांची खोकी धरायला विसरू नका. जागा वाचवणारा ट्रेलर बहुतेकदा हलकाही असतो, म्हणून त्यासाठी मोठा पिकअप घ्यावाच लागेल असं नाही.

प्रकार निवडा

टो डॉली सर्वांत लहान. ती फक्त पुढची दोन चाकं उचलते, मागची रस्त्यावर फिरतात. काही डॉलींचा दांडा दुमडतो आणि त्या गॅरेजच्या कोपऱ्यात बसतात. जागेच्या हिशेबात डॉली जिंकते, पण दुरुस्तीला आणलेल्या गाडीसाठी मी ती सुचवणार नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक आवळलेले असतात, टायर फुटायला आलेले असतात, बेअरिंगचा भरवसा नसतो, आणि डॉलीवर नेमकी अशीच दोन चाकं महामार्गावर धावणार. मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी असेल तर प्रॉपेलर शाफ्टही (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) सोडवावा लागतो. शिवाय गाडी चढवलेली डॉली मागे घेणं जवळजवळ अशक्य, कारण ती जोडणी दोन ठिकाणी वळते.

माझी पसंती एका अॅक्सलच्या, कलणाऱ्या पाट्याच्या उघड्या ट्रेलरला आहे. पाटा मागे कलतो, त्यामुळे लांब रॅम्प बाळगायला नकोत. पुढच्या दांड्याला बिजागरी असेल तर उभा करताना आणखी सुमारे दोन फूट वाचतात. ॲल्युमिनियमचा असेल तर एकटा माणूसही सपाट जमिनीवर हलवू शकतो. महाग असतो, पण जागा खरोखरच कमी असेल तर पैसे इथेच घालावेत.

भिंतीला उभे करून ठेवता येणारे 4 बाय 8 फुटी घडीचे ट्रेलर दुकानात दिसतील. ते गवत कापायच्या यंत्रासाठी आहेत. गाडीचं वजन ते पेलत नाहीत, कुणी कितीही सांगितलं तरी.

ट्रेलरवरची पाटी वाचा

प्रत्येक ट्रेलरच्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआर म्हणून आकडा असतो. स्वतःचं वजन आणि ओझं मिळून ट्रेलर जास्तीत जास्त किती भरावा, ते तो सांगतो. अनेक एका अॅक्सलच्या ट्रेलरवर हा आकडा 2,990 पौंड दिसेल. त्यामागे कारण आहे: बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होतात, आणि त्या रेषेच्या किंचित खाली राहिलं की बनवणाऱ्याचा खर्च वाचतो. बीटलसाठी अशा राज्यांत कायद्याने हे चालून जाईल, तरी मी विद्युत ब्रेक असलेलाच घ्या म्हणेन. त्यासाठी तुमच्या गाडीला 7 पिनांची जोडणी आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक तुमच्या गाडीतून चालवणारं उपकरण) लागेल.

जुना ट्रेलर घेताना वेल्डिंगच्या सांध्यांवरचा गंज, लाकडी फळ्यांची कूज आणि टायरवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो. मालकीचा कागद नसेल तर सौदा सोडून द्या.

गाडी चढवताना तोल

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडणीवर, यायला हवा. 2,800 पौंडांना 280 ते 420. भार कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही ओढतो. बीटलचं इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे असल्याने सरळ चढवलेली गाडी हिच हलका करते. ती आणखी पुढे घ्यावी लागते, किंवा उलटी चढवावी लागते. पण इंजिन काढून वेगळं ठेवलं असेल तर सगळा हिशेब बदलतो, म्हणून दर फेरीला भार नव्याने मोजा. ट्रक थांब्यांवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर हे काम थोडक्यात होतं.

बांधायला दोन इंची रॅचेट पट्टे चार, प्रत्येकी 3,333 पौंड कार्यभाराचे (सुरक्षितपणे पेलता येईल इतक्या ओझ्याचे). सुरक्षा-साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावा. ट्रेलरच्या अनेक टायरांची मर्यादा ताशी 65 मैल असते, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच 55.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मैलांत एकदा थांबा. पट्टे सैल झालेले असतातच, ते आवळा आणि दोन्ही हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेऊन पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा खूपच तापलेला असेल, तर बेअरिंग तपासल्याशिवाय पुढे निघू नका.