‘सध्या काय वाचताय?’ सांगताना या चुका टाळा

आमचा वाचनकट्टा कोथरूडमधल्या एका बागेत भरतो. महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी आठ. बारा-पंधरा माणसं, दोन सतरंज्या, थर्मासभर चहा आणि वेळ संपली की शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढणारा रखवालदार. प्रत्येकाने एवढंच सांगायचं, की सध्या काय वाचतोय. सहा वर्षं हे चाललंय. इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर किती तऱ्हांनी बिघडवता येतं, याचा माझ्याकडे आता चांगलाच साठा झालाय. त्यातला बराचसा माल माझा स्वतःचाच आहे.

‘सध्या’ हा शब्द गिळून टाकणं

मोठा घोटाळा इथेच. प्रश्न सध्याचा असतो आणि उत्तर येतं ते संपलेल्या पुस्तकाचं. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. माणूस गोड, वाचन दांडगं. पुस्तक संपल्याशिवाय त्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. पण एकदा बोलायला लागले, की लेखकाच्या आजोळापासून सुरुवात. मग नायकाचे वडील, वडिलांची पहिली बायको, तिच्या माहेरचा कोर्टकज्जा. एका रविवारी त्यांनी सव्वीस मिनिटं घेतली. घड्याळ लावून बसले होते, म्हणून सांगतेय. चहा निवला, दोघंजण मोबाइलमध्ये शिरले, आणि शेवटी काका म्हणाले, “तर एकूण, जरूर वाचावं असं पुस्तक आहे.” आता त्यात वाचायला उरलं होतं काय?

आधी आम्ही वेळेची मर्यादा घातली. काका दुखावले आणि पाच मिनिटांत तेच सगळं दुप्पट वेगाने सांगायला लागले. मग प्रश्नच बदलला. पुस्तक सोबत आणायचं, खूण घातलेलं पान उघडायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या: कुठवर आलोय आणि कुठे अडकलोय. पुढच्या महिन्यात काकांनी पिशवीतून कादंबरी काढली. महावितरणचं जुनं बिल घडी करून मध्ये खोचलेलं होतं. चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, “पान एकशे बारा. ही बाई घर सोडून का जात नाही, ते मला काही केल्या कळत नाहीये.” आणि गप्प बसले. त्यावर आमच्यातल्या दोघी अशा काही सुटल्या, की वीस मिनिटं कुणाला थांबवता आलं नाही. ती कादंबरी त्या दोघींनीही वाचलेली नव्हती. तरी बाई घर का सोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काका वहीत टिपून घेत होते.

संपलेल्या पुस्तकावर माणूस निकाल देतो. निकाल ऐकून समोरचा फार तर मान डोलावतो. अर्धवट वाचलेल्या पुस्तकात दुसऱ्याला टेकायला जागा असते. आमच्या कट्ट्याची निम्मी दुखणी या एका बदलाने गेली. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं लिहितेय.

गठ्ठ्याचा फोटो

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. २०२३ पासून आता तो पुण्याच्या अंगवळणीच पडलाय. तिथून परतल्यावर ग्रुपवर फोटो येतात: सोफ्यावर रचलेली अकरा पुस्तकं, खाली ‘सध्याचं वाचन’. अहो, ही सध्याची खरेदी आहे! खरेदी सांगण्यात काहीच वावगं नाही, मीही सांगते. फक्त तिला खरेदी म्हणावं. कारण उद्या कुणी खरंच विचारेल, की त्यातलं चौथं कसं वाटलं?

भारदस्त पुस्तकाचा आडोसा

ही चूक माझी. सलग आठ महिने मी कट्ट्यावर एका जाडजूड वैचारिक ग्रंथाचं नाव सांगत होते. चालू होता म्हणायला. पान एकसष्टवर फुलाची वाळकी पाकळी घालून ठेवला होता आणि ती पाकळी काही हलत नव्हती. रोज रात्री मी प्रत्यक्षात वाचत होते शेजारणीकडून आणलेल्या रहस्यकथा, एकामागून एक. नवव्या महिन्यात एका मुलाने साळसूदपणे विचारलं, “ताई, दुसऱ्या भागात ते आधीचा मुद्दा खोडतात का हो?” मी म्हटलं, “अं… थोडंसं.” घरी जाऊन पाहिलं, तर त्या ग्रंथाला दुसरा भागच नव्हता. त्याने मुद्दाम विचारलं, की तोही वाचत नव्हता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही ‘सोडलेलं पुस्तक’ अशी वेगळी फेरी ठेवली. पुस्तकाचं नाव, सोडलं ते पान आणि कारण. कारण खरं हवं. ‘वेळ मिळत नाही’ हे कारण धरलं जात नाही. ‘अक्षर बारीक आहे’, ‘पहिल्या तीस पानांत सतरा पात्रं आली’, ‘वडील गेले त्या आठवड्यात सुरू केलं होतं, आता हातात धरवत नाही’ ही कारणं. या फेरीला लोक सगळ्यांत मोकळं बोलतात. दोनदा असंही झालं, की एकाने सोडलेलं पुस्तक दुसऱ्याने तिथल्या तिथे उचललं.

अर्धंमुर्धं नाव

“ते निळ्या मुखपृष्ठाचं आहे बघ, कोकणातलं.” एवढ्या भांडवलावर मी एकदा अप्पा बळवंत चौकात गेले होते. चौकात आधीच क्रमिक पुस्तकांचा हंगाम, काउंटरवर पालकांच्या याद्यांचा पाऊस. विक्रेत्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, “लेखक?” माहीत नाही. “प्रकाशन?” तेही नाही. “मग बाई, निळ्या रंगाचं दुकान पुढच्या गल्लीत आहे.”

तेव्हा पुस्तक सांगताना पुढच्या माणसाला ते सापडेल असं सांगा. नाव आणि लेखक तर हवेतच. अनुवाद असेल तर अनुवादकही. हे नाव हटकून गाळलं जातं, आणि एकाच परभाषिक पुस्तकाचे मराठीत दोन-दोन अनुवाद असतात, त्यातला एक वाचवत नाही. नवं पुस्तक असेल तर मागच्या बाजूला बारकोडपाशी ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन असतो. तो कळवला की प्रश्नच मिटला. जुन्या मराठी पुस्तकांवर तो बहुधा नसतोच. तिथे प्रकाशनाचं नाव आणि आवृत्तीचं साल कामाला येतं.

मराठीत टोपणनावांचा आणखी एक चकवा आहे. कवितेचं कपाट धुंडाळताना आरती प्रभू शोधायचे आणि कादंबऱ्यांत चिं. त्र्यं. खानोलकर, माणूस एकच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकरांचंही तेच. कट्ट्यावर आपण सवयीने एकच नाव घेतो आणि नवखा वाचक वाचनालयात भलत्याच कपाटापुढे उभा राहतो. दोन्ही नावं सांगून टाकावीत.

फोटोच पाठवायचा असेल तर खाली नाव टाइप करा. नुसता फोटो पुढे सहा महिन्यांनी ग्रुपवर शोधून सापडत नाही. आणि त्या चकचकीत मुखपृष्ठावर तुमची ट्यूबलाइट तेवढी ठळक दिसते.

पान सांगणं, पण कुठल्या आवृत्तीचं?

चौघांनी एकच पुस्तक एकदम वाचायला घेतलं की हा गोंधळ ठरलेला. एकाकडे आजोबांची प्रत, एकाकडे नवी आवृत्ती, तिसरी मोबाइलवर वाचतेय, जिथे अक्षर मोठं केलं की सगळा मजकूर पुढे सरकतो. “पान नव्वदवर काय धमाल आहे!” म्हणावं, तर दुसऱ्याच्या नव्वदाव्या पानावर तेरावं चाललेलं. अशा वेळी प्रकरण सांगावं, किंवा त्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द. ‘श्यामची आई’ आम्ही एकत्र वाचलं तेव्हा ही अडचण आलीच नाही. ते रात्रींमध्येच मांडलेलं आहे, एकूण ४२. “मी चौदाव्या रात्रीवर आहे” म्हटलं की कुठलीही प्रत असो, सगळे एकाच अंगणात.

दिवाळी अंकांचं उलटं असतं. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दर वर्षी “अंक छान निघालाय” असं मोघम सांगत आलोय. अंकात दोन-अडीचशे पानं असतात. छान काय आहे ते सांगा: कथा कुणाची, लेख कशावर. नाहीतर समोरचा अंक आणतो, आधी वार्षिक भविष्य वाचतो आणि तिथेच थांबतो.

शेवट फोडणं

यावर फार बोलायला नको. महाभारतावरच्या कादंबरीत कर्ण मरतो हे सांगितलं म्हणून कुणी रागवत नाही. रहस्यकथेतला खुनी सांगितलात तर चहा मिळणार नाही. मधल्या पुस्तकांसाठी आमचा नियम असा, की स्वतःची खूण जिथे आहे त्याच्या पुढचं बोलायचं नाही. ज्याने आधीच वाचलंय त्याने “पुढे बघ काय होतं ते!” असं गालातल्या गालात हसत म्हणायचं नाही. त्यातही अर्धं फुटतंच.

नाक मुरडणं

दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगी यायला लागली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हडपसरहून दोन बस बदलून यायची. तिची पाळी आली तेव्हा तिने बॅगेतून एक जाडी इंग्रजी कादंबरी काढली. ड्रॅगन, राज्यं, नकाशे. सात भागांतला तिसरा. नकाशावर तिने पेन्सिलीने पात्रांचा प्रवास आखला होता. तो दाखवताना ती गुडघ्यांवर उठून बसली. आणि मी म्हटलं, “छान आहे गं. पण मराठी काही वाचतेस की नाही?”

प्रेमानेच विचारलं होतं. ती हसली, “वाचते ना,” म्हणाली, पुस्तक बॅगेत घातलं आणि चेन लावली. पुढच्या महिन्यात आली नाही. मेसेज केला तर उत्तर आलं, “काकू, परीक्षा आहे.” ती परीक्षा अजून चालू आहे.

तोपर्यंत मी तिची ताई होते.

याचंच दुसरं रूप म्हणजे “अय्या, ते अजून वाचलं नाहीस?” हे वाक्य सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत एकाच सुरात ऐकू येतं. ऐकणारा यावर काय बोलणार? तो पुढच्या वेळी भारदस्त पुस्तकाचं नाव ठोकून देतो, म्हणजे माझ्या एकसष्टाव्या पानाची गत. त्यापेक्षा हातात जे आहे त्याबद्दल विचारावं. नकाशा समोर होता. “हा कोण, उत्तरेकडे कशाला निघालाय?” एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

ऐकलेलं पुस्तक वाचनात धरायचं का, याचा वाद आमच्याकडे तीन रविवार चालला. धरतो. पोळ्या लाटताना ऐकणारीने सगळ्यांच्या आधी कादंबरी संपवली, त्यानंतर वाद आपोआप थंडावला.

“पीडीएफ आहे का?”

पुस्तकाचं नाव घेतलं रे घेतलं, की दहा मिनिटांत ग्रुपवर हा प्रश्न येतो आणि कुणी तरी परोपकारी आत्मा स्कॅन केलेली फाइल टाकतोही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. ह. ना. आपटे, गडकरी तर १९१९ मध्येच गेलेले. ते खुशाल पाठवा. मात्र जुन्या पुस्तकाला आजच्या कुणी लिहिलेली प्रस्तावना किंवा केलेला अनुवाद असेल, तर त्याचा हक्क वेगळा. हयात लेखकाची फाइल फिरवणं ही सरळ चोरी आहे. हजार प्रतींची आवृत्ती असेल आणि शंभर जणांच्या ग्रुपवर फाइल गेली, तर एक दशांश आवृत्ती तुम्ही बसल्या जागी फुकट वाटलीत, हा हिशेब करून बघा. एखादा परिच्छेद टाइप करून पाठवायला कुणाची हरकत नसते, आणि टाइप करायचा कंटाळा असल्यामुळे माणूस तो नीट निवडतोही.

उसनवारी

वाचतोय म्हटलं की “झालं की मला दे” हे आलंच. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. म्हणजे पुस्तक नेऊन परत करायची सवय या शहराला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. तरीही ओळखीच्यात नेलेलं पुस्तक परत येत नाही ते नाहीच. वाचनालयात निदान अनामत असते.

तोंडी देऊ नका. आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे: पुस्तक, कुणाचं, कुणी नेलं, तारीख, परत. नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, म्हणजे पुढे “मी नेलंच नव्हतं” म्हणायची सोय उरत नाही. तीन महिने झाले की कट्ट्याच्या सुरुवातीला नाव मोठ्याने वाचलं जातं. पहिल्या वेळी लोक ओशाळून हसले. आता पुस्तकं येतात. कधी चहाच्या डागासकट, पण येतात. पुस्तक अजून वाचून व्हायचं असेल तर देणाऱ्याने तसं सांगावं, संकोच करू नये. मी एकदा भिडेखातर अर्धं वाचलेलं देऊन टाकलं. ते चौदा महिन्यांनी आलं तेव्हा माझी खूण काढून नेणाऱ्याने स्वतःची घातलेली होती, माझ्यापेक्षा वीस पानं अलीकडे.

गेल्या महिन्यात ही वही चाळताना ‘परत’च्या रकान्यात चार रिकामे चौकोन सापडले. त्यातले दोन माझ्या नावापुढचे. एक काकांचं, त्यांनी कधी विचारलं नाही. दुसरं त्या हडपसरच्या मुलीचं, पहिल्या भेटीत तिने आपणहून दिलेलं. नकाशा आहे त्यातही. आता वाचायला घेतलंय, सध्या पान चव्वेचाळीस. एवढे सगळे लोक उत्तरेकडे का निघालेत, काही कळत नाहीये. तिला मेसेज टाकलाय.