आधी पोराचा दिवस कागदावर घ्या

दरवर्षी एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी घेणारी, चार-दोन मुलं फील्डवर्कसाठी माझ्याबरोबर येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मॅडम, पोराशी बोलायला सुरुवात कुठून करायची?’ कोल्हापुरात निरीक्षणगृहातली, म्हणजे गुन्ह्याच्या केसमध्ये ‘रिमांड होम’ला ठेवलेली मुलं आणि त्यांच्या घरची माणसं यांच्यात सोळा वर्षं काढल्यावर मी एवढंच सांगते, गुन्ह्यापासून करू नका.

गुन्ह्याबद्दल तोवर त्याला सगळ्यांनी विचारून झालेलं असतं. उत्तर पाठ असतं, ‘मी न्हवतो मॅडम, मित्रानं गाडी दिलती.’ बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या मनात गुन्हेगारी हेतू नव्हता असंच धरून चालायचं असतं. कबुली घेणं हे आपलं काम नव्हे.

त्याऐवजी एक कोरा कागद आणि जेवणाची ताटली घ्या. ताटली उपडी ठेवून गोल त्यालाच काढू द्या आणि त्याचे चोवीस तास पाडा. पकडलं जाण्याच्या आधीच्या आठवड्यातला एक साधा दिवस त्यात भरायचा. उठलास किती वाजता, मग काय केलंस, बरोबर कोण होतं. हाताला काम असलं की पोरं बोलतात. नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून बहुतेक.

एका पंधरा वर्षांच्या पोराचा गोल मला अजून दिसतो. मोटरसायकल चोरीची केस होती. याहून जास्त सांगणार नाही, त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सकाळी अकरापर्यंत झोप. दुपारी मोबाइल. संध्याकाळी सात ते रात्री एक या सगळ्या भागावर एकच शब्द होता, ‘कट्टा’. जेवण कुठंच नव्हतं. विचारलं, ‘जेवतोस कधी रं?’ पेन्सिलीचं टोक नखानं उकरत बसला. मग म्हणाला, ‘आई झाकून ठेवत्या. आलो की खातो.’

हा कागद घेऊन घरी जायचं, पण आधी पोराला विचारून. गल्लीत पत्ता विचारत फिरू नका, सगळ्या गल्लीला कळतं. आईला फोन करून गल्लीच्या तोंडाशी यायला सांगा. बाप घरी असेल तीच वेळ धरा. बापाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं, ‘आतच ठेवा त्याला, सुधरंल.’ वाद घालू नका. चहा दिला तर प्या. मग बापालाही गोल काढायला सांगा.

या पोराचा बाप शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता, तेव्हा दुसऱ्या पाळीला. भाकरीच्या परातीशेजारी फरशीवर मी दोन्ही कागद जवळजवळ ठेवले. बराच वेळ तो बघत राहिला आणि त्यानं स्वतःच बोट ठेवलं, ‘अकरा ते दोन आम्ही दोघंबी घरातच असतोय की.’ काय बोलता, विचारलं. ‘काय न्हाई. मीबी मोबाइलच बघतोय.’

इथं ‘मुलाला वेळ द्या’ असं मोघम सांगून उठू नका, कुणालाच काही कळत नाही. त्या तीन तासांतली एकच गोष्ट ठरवा. आम्ही ठरवलं, पोरगा जामिनावर घरी आला की दुपारी एक वाजता दोघांनी बसून जेवायचं, मोबाइल कपाटावर.

पोराला एकटं, आईबापांना वेगळं आणि मग सगळ्यांना एकत्र, हा क्रम मोडू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाला बापासमोरच विचारलं, ‘गाडी कुणाला विकलीस?’ बापानं तिथंच कानाखाली मारली. पुढं तीन महिने तो मुलगा माझ्याशी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ याखेरीज बोलला नाही. चूक माझी होती.

‘कुणालाच सांगणार नाही’ हे वचनही देऊ नका. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत बोला. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं, आणि मुलग्यांच्या बाबतीतही निघतं, तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा खोदून खोदून विचारू नका. ऐकून घ्या, पुढं काय होणार ते त्याला सांगा आणि कळवा.

घरच्यांची भीती कायद्याच्या साध्या माहितीनंच उतरते. रिमांड होम म्हणजे जेल अशी समजूत पक्की असते आणि ‘एवढे द्या, सोडवतो’ म्हणणारा कुणीतरी तोवर भेटलेला असतो. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर आणावं लागतं. तिथं एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यात किमान एक बाई असते. परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची आणि परिस्थितीची माहिती, दोन आठवड्यांत जायचा असतो, म्हणून गृहभेट लांबवू नका. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. एवढं सांगितलं तरी आई पहिल्यांदा नीट बसते.

शाळेचं लगेच बघा. मुख्याध्यापकांकडे स्वतः जा, केसबद्दल एक अक्षर न बोलता. शाळा अगदीच सुटली असेल तर १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसवता येतं. रिकामी दुपार राहिली की पोरगं परत कट्ट्यावर.

दर महिन्याला नवा गोल काढा. त्या पोराच्या दुसऱ्या कागदावर एकच्या खान्यात ‘पप्पा’ लिहिलेलं होतं, कट्टा मात्र तसाच होता. त्याबद्दल मी त्या दिवशी काही बोलले नाही. हे कागद फाइलला लावायचे नसतात. अहवालात हवं तेवढं आपल्या शब्दांत घ्या आणि कागद पोराला परत द्या.