पाचवीतलं मूल अडखळत वाचतंय? घरी हे करून बघा

मूल पाचवीत आहे म्हणजे वाचता येतंच, असं धरून चालू नका. प्रथम संस्थेच्या असर सर्व्हेत 2022 साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम 43 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, 2024 ला आकडा सुधारला पण अजून निम्म्याच्या खालीच. हे खरंच काळजीचं आहे, कारण वाचता येत नसलं की गणितातलं शाब्दिक उदाहरणसुद्धा कळत नाही.

आधी मूल नेमकं कुठे अडकतंय ते बघा. असरचीच पद्धत घरी जमते, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद द्या, तो सहज वाचला तर दुसरीची गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर नुसती अक्षरं, पाचातली चार बरोबर आली तर ती पायरी आली समजायची. मजकूर मात्र न पाहिलेला घ्या, शाळेतला धडा बऱ्याच पोरांना पाठ असतो आणि आपल्याला वाटतं छान वाचतोय.

मग इयत्ता विसरून त्याच पायरीवर काम करा. मराठीत बहुतेक मुलं जोडाक्षरांत अडतात. सूर्य, प्रकाश, राष्ट्र, तिन्हीत र आहे पण तिन्हीकडे वेगळा दिसतो, हे कोणी सुटं करून दाखवलेलंच नसतं. आठवडाभर एकच प्रकार घ्या, तो दुकानाच्या पाट्यांवर, एसटीच्या बोर्डावर शोधायला लावा.

रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन. एक ओळ तुम्ही बोट फिरवत वाचा, तीच मग त्याने. चुकलं की लगेच मध्ये तोडू नका प्लीज, वाक्य पूर्ण होऊ द्या, आणि पान संपलं की काय झालं ते त्याच्या शब्दांत विचारा. पुस्तकांना खर्च नाही, बालभारतीच्या साइटवर किशोर मासिकाचे जुने अंक आहेत, स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी लेव्हलप्रमाणे फुकट मिळतात.

त्याच वेळी घरातल्या मोठ्यांनीही वाचायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. फॉरवर्ड वाचून वाचून लांब परिच्छेदावर आपलंही लक्ष टिकत नाही, तेव्हा दोन-तीन पानी कथेपासून सुरुवात करा.

दोन-तीन महिने नेटाने करूनही तीच अक्षरं उलटसुलट होत असतील तर ओरडू नका, आधी डोळे तपासा, मग डिस्लेक्सियाची, म्हणजे हुशार मुलालाही वाचायला-लिहायला अवघड जातं त्या अडचणीची, तपासणी करून घ्या. सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो.