ब्युनोस आयर्सजवळचे आद्रोगे : जाताना या चुका टाळा

आद्रोगेत पाहण्यासारखे काय आहे, असे विचारून जो प्रवासी ब्युनोस आयर्सहून तिथे जातो, तो बहुधा दीड तासातच परतीच्या गाडीत बसलेला असतो. पहिली चूक तीच. 1871 साली ब्युनोस आयर्समध्ये, अर्जेंटिनाच्या राजधानीत, पिवळ्या तापाची भीषण साथ आली, सधन कुटुंबे मोकळ्या हवेच्या शोधात शहराबाहेर पडू लागली, आणि अशा काळात एस्तेबान आद्रोगे या धनिकाने आपल्या जमिनीवर 1873 मध्ये हे गाव वसवले. शहरापासून थोडे दूर, झाडांच्या सावलीत निवांत राहता यावे, हाच त्यामागचा हेतू होता. दगडी फरसबंदीचे रस्ते, दोन्ही बाजूंना उंच झाडे, बागेत मागे सरून उभी असलेली जुनी घरे आणि सकाळी चौकातल्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले वृद्ध, एवढेच तिथे आहे, आणि त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक गाडी पकडताना होते. राजधानीतल्या कोन्स्तितुसियोन स्थानकातून सुटणाऱ्या रोका रेल्वेमार्गाच्या गाड्या तेम्पेर्ले या जंक्शनपर्यंत एकत्र जातात आणि तिथून फुटतात. आद्रोगे हे तेम्पेर्लेच्या लगेच पुढचे स्थानक असले, तरी ते फक्त ग्लेऊ किंवा आलेहान्द्रो कोर्नला जाणाऱ्या गाडीवर लागते. एसेइसाची गाडी तुर्देराकडे वळते, आणि ‘तेम्पेर्लेमार्गे बोस्केस’ अशी पाटी असलेली गाडी होसे मार्मोलकडे जाते. या शेवटच्या पाटीने मीही एकदा फसलो होतो, कारण तेम्पेर्ले हे नाव दिसले की आपण निर्धास्त होतो. चुकीच्या गाडीत बसल्याचे वाटेत लक्षात आले, तर घाबरू नये. तेम्पेर्लेला उतरून फलाटावरच्या फलकावर ग्लेऊ किंवा कोर्न हे नाव शोधावे आणि पुढची गाडी धरावी. तेम्पेर्ले मागे पडल्यावर लक्षात आले, तर पुढच्या स्थानकावर उतरून उलट्या गाडीने तिथे परत यावे. एसेइसा विमानतळावरून थेट येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की एसेइसाचे रेल्वे स्थानक विमानतळात नाही; सामान घेऊन आधी बस किंवा मोटारीने स्थानक गाठावे लागते, त्यामुळे सरळ मोटारीनेच आद्रोगेला जाणे अधिक सोयीचे पडते.

भाड्यासाठी सूबे नावाचे कार्ड किऑस्कवर मिळते. ते चढताना यंत्राला टेकवण्याची आठवण सर्वांनाच राहते, उतरल्यावर मात्र फाटक उघडे दिसले की प्रवासी तसाच बाहेर पडतो. भाडे अंतरावर असल्यामुळे, बाहेर पडताना कार्ड टेकवले नाही, तर पूर्ण मार्गाचे जास्तीत जास्त भाडे कापले जाते.

गावात पोहोचल्यावर नावांचा गोंधळ सुरू होतो. अर्जेंटिनाच्या नौदलाचे जनक मानले जाणारे, आयर्लंडमध्ये जन्मलेले दर्यासारंग ब्राउन यांच्यावरून गावाला अधिकृतपणे ‘अल्मिरान्ते ब्राउन’ हे नाव दिले गेले होते, पण लोकांनी रेल्वे स्थानकाचेच नाव उचलले. आज अल्मिरान्ते ब्राउन हे संपूर्ण तालुक्यासारख्या विभागाचे नाव आहे, आद्रोगेच्या मुख्य चौकाचे आहे, आणि राजधानीतल्या ला बोका भागातल्या एका मोठ्या रस्त्याचेही आहे. त्यामुळे नकाशात नुसते हे नाव टाकल्यास आपण भलतीकडेच जाऊन पोहोचतो. शोधताना आद्रोगे हा शब्द बरोबर लिहावाच. बोलताना शेवटच्या ‘गे’वर जोर द्यावा, नाहीतर समोरच्याला गावाचे नाव कळत नाही.

चौकोनी आखणीच्या अर्जेंटिनी शहरांत चार वेळा उजवीकडे वळले की माणूस मूळ जागी येतो. आद्रोगेत ही सवय उपयोगाची नाही. कानाले या वास्तुविशारद पितापुत्रांनी इथे चौकांना जोडणारे तिरपे रस्ते आखले, तेही तिरप्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेले ला प्लाता शहर वसण्याच्या 9 वर्षे आधी. वाट चुकल्यास पत्ता विचारण्याऐवजी स्थानक कोणत्या दिशेला आहे, एवढेच विचारावे.

सर्वांत जास्त पंचाईत होते ती वेळेची. सकाळचा चहा-नाश्ता राजधानीत उरकून, अकरा-साडेअकराला निघून, बाराच्या पुढे आद्रोगेला उतरणे हा नेहमीचा क्रम. आणि नेमके त्याच सुमारास छोटी दुकाने दुपारसाठी बंद व्हायला लागतात. साधारण एक ते चार-पाच या वेळेत लोखंडी शटर खाली असतात, रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि प्रवासी समजतो की गाव ओस आहे. गाव घरात जेवते आहे, विश्रांती घेते आहे, इतकेच. नऊ-साडेनऊला पोहोचावे, दुपारचे जेवण दीडच्या आत सांगावे, दुपार चौकातल्या सावलीत घालवावी, आणि पाच वाजता पुन्हा उघडणाऱ्या गावात फिरावे. रात्रीचे जेवण नऊशिवाय मिळेल, ही अपेक्षाच ठेवू नये. सात वाजता उपाहारगृहाचे दार उघडे दिसले, तरी स्वयंपाकघर सुरू झालेले नसते. जानेवारीत तर तिथे भर उन्हाळा असतो, आणि बरीच कुटुंबे समुद्रकिनाऱ्यावर गेल्यामुळे ‘सुटीसाठी बंद’ असा कागद अनेक दारांवर चिकटवलेला आढळतो.

शाकाहारी वाचकांसाठी खाण्याचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण इथे नकळत चूक होते आणि ती कळल्यावर मनाला लागते. ‘नो कोमो कार्ने’, म्हणजे मी मांस खात नाही, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रामुख्याने गोमांस येते, आणि तो अत्यंत आपुलकीने हॅम किंवा कोंबडी घातलेला पदार्थ सुचवतो. म्हणून पोशो, हामोन आणि पेस्कादो, म्हणजे कोंबडी, हॅम आणि मासे, ही तिन्ही नावे घेऊन नाही म्हणावे. त्याहून महत्त्वाचा शब्द ग्रासा, म्हणजे चरबी. बेकरीतल्या मेदियालुना या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावांत दोन जाती असतात : फुगीर, वरून पाकाने चकाकणारी, गोडसर ती ‘दे मान्तेका’, आणि बारीक, कुरकुरीत, खारट ती ‘दे ग्रासा’. दुसरीत आणि ‘बिस्कोचितो दे ग्रासा’ नावाच्या खारीसारख्या बिस्किटांत प्राण्याची चरबी असते. मान्तेका म्हणजे इथे लोणी. मात्र स्पॅनिश इतरत्र शिकलेल्यांना हा शब्द डुकराच्या चरबीसाठी माहीत असतो, त्यामुळे ते नेमकी उलटी निवड करतात.

एम्पानादा पाहिली की आपल्याला करंजी आठवतेच. तिच्या कडेला आपल्यासारखीच मुरड घालतात, आणि आतले सारण ओळखता यावे म्हणून प्रत्येक सारणाची मुरड वेगळी असते. पालेभाजीची, कांदा-चीजची आणि मक्याची अशा शाकाहारी सारणांच्या एम्पानादा बहुतेक ठिकाणी असतात. पण मुरडीची खूण दुकानागणिक बदलते. एका दुकानात शिकलेली खूण दुसऱ्या दुकानात लावू नये, आणि वरच्या पारीच्या पिठात ग्रासा आहे का, हेही विचारून घ्यावे. हे सारे टाळून पोटभर खायचे असेल, तर पिझ्झाच्या दुकानात फुगासेता, म्हणजे कांदा आणि भरपूर चीजचा पिझ्झा, आणि त्याबरोबर फाइना मागवावी. फाइना ही डाळीच्या वर्गातल्या चण्याच्या पिठाची, तेल घालून भट्टीत भाजलेली जाड पोळी. पिठल्याच्या वडीवर वाढलेल्या माणसाला तिची चव परकी वाटत नाही.

फलकावर $ 8.500 असे दिसले, तर दचकू नये. तिथे हे चिन्ह पेसोचे आहे, आणि टिंब हजार दाखवते. दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. अमेरिकी डॉलर नेत असल्यास मोठ्या रकमेच्या, नव्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात, कारण फाटक्या, लिहिलेल्या किंवा जुन्या छोट्या चित्राच्या नोटा घ्यायला लोक नाखूश असतात.

अर्जेंटिनाचे ख्यातनाम लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांच्या ओढीने येणाऱ्यांची एक खास चूक आहे. लहानपणीच्या उन्हाळी सुट्या त्यांनी ज्या ला देलिसिया हॉटेलात घालवल्या, ते शोधत लोक फिरतात. ते हॉटेल केव्हाच पाडले गेले. ब्राउन चौकाजवळ त्यांच्या आईचे घर मात्र संग्रहालय म्हणून जपलेले आहे, त्याचे उघडण्याचे वार निघण्यापूर्वी पाहून ठेवावेत. निलगिरीचा वास आला की आपण आद्रोगेतच असतो, असे बोर्हेस सांगत. तेव्हा घर बंद असले, तरी झाडांखालून जरूर चालावे.

चालताना कोणाच्या घराचे छायाचित्र घ्यायचे असल्यास आधी विचारावे. चोऱ्यांच्या भीतीमुळे लोक सावध असतात, कोपऱ्यावरच्या चौकीत रखवालदार बसलेला असतो, आणि फाटकासमोर फोन उगारून थांबलेला अनोळखी माणूस त्यांना खटकतो. दुकानात शिरताना ‘बुएनास’ एवढे म्हटले, तरी चेहरे मोकळे होतात. कोणी माते हे चहासारखे कडवट हिरवे पेय पुढे केले, तर ते ओढून प्यायची नळी ढवळू नये, आणि अजून प्यायचे असेल, तर ‘ग्रासियास’ म्हणू नये. त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा घेतला जातो.

परतताना रिकाम्या रस्त्यावर टॅक्सीची वाट पाहत उभे राहू नये. अशा उपनगरांत रेमिस, म्हणजे फोन करून बोलावण्याची भाड्याची मोटार, चालते. उपाहारगृहातल्या माणसाला बिल मागतानाच ती बोलावण्याची विनंती करावी आणि भाडे बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे. कोन्स्तितुसियोनला रात्री उतरणार असल्यास फोन खिशात ठेवावा, आणि आदल्या दिवशी रेल्वेच्या संपाची बातमी नाही ना, हे यजमानांना विचारून घ्यावे.